भूशास्त्रात एमएस्सी: पुण्यातच करू की बाहेर पडू?

मृगधारा
नमस्कार. वाचनमात्र म्हणून इथे बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

पुण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुख्य विषय भूशास्त्र. घर पाटण तालुक्यात, त्यामुळे भूकंप आमच्याकडे बातमी नसते, कौलं सरकली का एवढंच बघायचं असतं. विषय मनापासून आवडतो, मार्क बरे आहेत. पुढे एमएस्सी करायचं हे नक्की, बाकी सगळा गोंधळ.

घरचे म्हणतात बीएड कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. "दगडधोंड्यांत मास्टर होऊन करणार काय?" हा बाबांचा प्रश्न. एक सीनियर म्हणतो पुण्यातच कर, सर ओळखतात, राहायची सोय आहे. दुसरी म्हणते जॅम (आयआयटीच्या एमएस्सीची प्रवेशपरीक्षा) दे, आयआयटी मिळाली तर उत्तम, नाहीतर एक वर्ष थांब. थांबायचं म्हटलं तर घरात महाभारत होईल.

ज्यांनी केलंय त्यांना विचारते. एमएस्सीने नेमकं काय बदलतं? कुठे करावं? आणि मुलींना फील्डच्या नोकऱ्या खरंच देतात का, की मुलाखतीत गोड बोलून घरी पाठवतात?

खर्डेघाश्या
बाबांचं ऐका. माझ्या चुलतभावाने हेच एमएस्सी केलं, आता विमा विकतो. चांगला विकतो, पण त्यासाठी दोन वर्षं दगड घासायची गरज नव्हती.

सह्यवेडा
जागा पकडून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

गोंडवनी
भंडारा जिल्ह्यातल्या मॅंगनीजच्या खाणीत आहे, त्याआधी कोळशात होतो. एमएस्सी नागपूरचं. खर्डेघाश्या भाऊ, विमा विकणारे इंजिनियरही पाहिलेत बाप्पा, त्याचं काय.

एमएस्सीने काय बदलतं ते आधी सांगतो. नुसत्या बीएस्सीवर जीएसआयच्या, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या, परीक्षेला बसताच येत नाही. यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, तिला पदव्युत्तर पदवी लागते. शेवटच्या वर्षाला असताना फॉर्म भरता येतो. वय 21 ते 32, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. केंद्रीय भूजल मंडळाचे हायड्रोजिओलॉजिस्ट (भूजलतज्ज्ञ) सुद्धा याच परीक्षेतून घेतात. 2020 पासून तिला पूर्वपरीक्षा लागली, सामान्य अध्ययनाचा पेपर 100 चा आणि विषयाचा 300 चा. मग मुख्य परीक्षेत 200-200 चे तीन वर्णनात्मक पेपर आणि वर 200 ची मुलाखत. लागलात तर गट अ, लेव्हल 10, मूळ वेतन 56,100 पासून. जागा कमी-जास्त होतात, पण परीक्षा नेमाने होते. भूशास्त्रवाल्याला याहून सरळ रस्ता दुसरा नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे, आणि तो दरवर्षी येणाऱ्या ट्रेनी पोरांकडे बघून सांगतोय. पुण्या-मुंबईची पोरं हुशार असतात, वाचलेली असतात, पण वाढलेली असतात एकाच खडकावर. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली. थरावर थर, बहुतेक आडवे, ना घडी ना शिस्टॉसिटी (दाबाने दगडात पडणारे पापुद्रे). डिप, म्हणजे थराचा उतार, मोजायला सांगितला तर त्यांना आयुष्यात दोन-तीन अंशांपलीकडे काही दिसलेलंच नसतं.

आमच्याकडे या. सौसर गटाचे जुने रूपांतरित खडक एकावर एक घड्या पडलेले आहेत. मॅंगनीजचा थर घडीच्या वळणाला फुगलेला असतो आणि बाजूंना चेपून पातळ झालेला. पुढचा बोअर कुठे टाकायचा हे त्या घडीचा आस कुठल्या दिशेला आणि किती कलतोय यावर ठरतं. तो कल कागदावर चुकीचा काढला की शंभर-दीडशे मीटर ड्रिलिंगचं बिल येतं आणि कोअरच्या (बोअरमधून काढलेल्या दगडाच्या दांड्यांच्या) पेटीत नुसता अभ्रकाचा शिस्ट. मॅनेजर तुम्हाला स्टिरिओनेट (दिशा आणि कल मांडायची गोल जाळी) विचारत नाही, "मॅंगनीज कुठं हाय?" एवढंच विचारतो.

म्हणून ताई, पुण्यात दोन वर्षं अजून तोच काळा दगड बघू नका. नागपूरला या. जीएसआयचं मध्य विभागाचं कार्यालय इथे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे, मॅंगनीजवाली मॉयल, खनिजशोधवाली एमईसीएल, वेस्टर्न कोलफील्ड्स सगळे इथे, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयही इथेच. रामटेक-मनसरला सौसर, चंद्रपूर-वणीकडे गोंडवनाचा कोळसा. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

बोगदेबाज
काळ्या दगडाला नावं ठेवू नका राव, माझं घर त्यावर चालतं.

सल्लागार कंपनीत इंजिनियरिंग जिऑलॉजिस्ट आहे. महाराष्ट्रात अलीकडे जे बोगदे झाले किंवा होतायत, मेट्रो, द्रुतगती मार्गाची मिसिंग लिंक, पाणीपुरवठ्याचे, ते बहुतांश बेसॉल्टमध्येच. त्यासाठी बेसॉल्ट कळणारा माणूस लागतो, नुसतं "बेसॉल्ट, आडवे थर" म्हणून चालत नाही.

काम कसं असतं ते सांगतो. ब्लास्ट झाला, धूर गेला, सैल दगड पाडले, डंपर गेले, की फेसवर, म्हणजे खोदाईच्या टोकाच्या भिंतीवर, आम्हाला थोडा वेळ मिळतो. मागे शॉटक्रीटवाले (काँक्रीट फवारणारे) उभे असतात आणि त्यांचा फोरमन घड्याळाकडे बघत असतो. तेवढ्यात सांध्यांचे (दगडातल्या भेगांचे) संच मोजायचे, अंतर, भेगांत माती आहे का, पाणी टपकतंय की वाहतंय, हातोडीने ठोकून दगडाचा आवाज ऐकायचा. मग आरएमआर काढायचा, किंवा क्यू, दोन्ही खडकाचा दर्जा सांगणारे आकडे. त्या आकड्यावर किती बोल्ट, किती जाडीचं शॉटक्रीट, जाळी लागेल की नाही हे ठरतं. तुमच्या सहीवर पैसा खर्च होतो आणि माणसं आत जातात.

आता पुस्तकात नसलेली गंमत. नवशिक्याला घट्ट, कणखर बेसॉल्ट दिसला की बरं वाटतं आणि झिओलाइटच्या ठिपक्यांचा अमिग्डलॉइडल दिसला की तो नाक मुरडतो. बोगद्यात बऱ्याचदा उलटं. घट्ट बेसॉल्टला सांधे फार, पाणी तिथूनच येतं. अमिग्डलॉइडल अखंड असतो, छान उभा राहतो. खरी डोकेदुखी म्हणजे दोन लाव्हा प्रवाहांमधला तांबडा मातकट थर, बोल. कोरडा असताना बरा वाटतो, पाणी लागलं की भुसभुशीत होऊन निसटतो. आणि भेगाळलेला डाईक, म्हणजे थर कापत घुसलेली दगडाची उभी भिंत. मुंबई बेटावर तर ब्रेशिया, टफ, मधले गाळाचे थर असा सगळा खिचडा आहे. हे सगळं शिकायला पुणे-नाशिक-कोल्हापूरचे घाटच लागतात, मनसर नाही.

गोंडवनी
बोगदेबाज भाऊ, मुद्दा मान्य. पण तुम्ही बेसॉल्ट शिकलात ते नोकरीत. ती पोरगी दोन वर्षं शिकायला चालली आहे. शिकतानाच जेवढे खडक बघून होतील तेवढे होतात, नंतर जिथे पगार तिथलाच खडक.

बोगदेबाज
हे मात्र खरं. पुढे मी हिमालयात जलविद्युतच्या बोगद्यावर गेलो तेव्हा फिलाइट आणि शिअर झोन (घासून चुरडलेला पट्टा) पहिल्यांदा हाताने चाचपला. तिथले ड्रिलर मला शिकवत होते.

टपरीवरचा_चहा
पण आता लिथियम सापडलंय ना काश्मीरात? नोकऱ्याच नोकऱ्या असतील.

रानवाटा
टपरीवरचा_चहा, ती बातमी फेब्रुवारी 2023 ची. रियासीत 59 लाख टन सांगितलं गेलं, पण ते खनिजाचं प्रमाण, धातूचं नव्हे, आणि टप्पा जी-3, म्हणजे अंदाजित साठा. जी-4 पासून जी-1 पर्यंत पायऱ्या असतात, जी-3 म्हणजे जिन्याची दुसरी पायरी. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारही आले नाहीत. तरी क्रिटिकल (अत्यावश्यक) खनिजांच्या शोधाला पैसा येतोय हे खरं, जानेवारी 2025 मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळं मिशन मंजूर केलं, आणि खासगी एक्सप्लोरेशन कंपन्यांनाही आता काम मिळतं. त्यांना कोअर लॉगिंग येणारी पोरं हवी असतात.

आता मृगधारा, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे. मी सरकारी भूवैज्ञानिक आहे, फील्ड सीझनमध्ये महिनोन्‌महिने कॅम्पवर असते.

नोकरी देतात. परीक्षेतून आलीस तर कोणी गोड बोलून घरी पाठवू शकत नाही, यादीत नाव आहे म्हणजे आहे. खासगीत मात्र टाळाटाळ होते. मला एका कंपनीने सरळ विचारलं होतं, "लग्न कधी करताय?" खाणीचं म्हणशील तर 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली उतरायला बंदी होती. 2019 मध्ये केंद्राने तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामांसाठी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 पर्यंत भूमिगत खाणीत काम करायची मुभा दिली, लेखी संमती आणि इतर अटींवर. ओपनकास्टमध्ये (उघड्या खाणीत) रात्रपाळीसुद्धा करता येते. म्हणजे कायद्याचं कारण आता कोणी पुढे करू शकत नाही.

फील्ड कसं असतं? भूरासायनिक नकाशाचं काम घे. टोपोशीटवर एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनातल्या ओढ्यातून गाळ घ्यायचा, चाळायचा, पिशवीवर नंबर टाकायचा. कागदावर सोपं. प्रत्यक्षात तो ओढा दोन डोंगरांपलीकडे आणि जीप अलीकडे थांबते. सोबत ड्रायव्हर आणि स्थानिक मदतनीस, दोघेही पुरुष, बहुतेक वेळा वडिलांच्या वयाचे. माझ्या अनुभवात धोका माणसांचा कमी आणि उन्हाचा, मधमाश्यांचा, रस्ता चुकण्याचा जास्त. खरा रोजचा प्रश्न शौचाचा आणि पाळीचा. त्यावर कुठलीही मॅन्युअल बोलत नाही. सैल पँट, लांब कुर्ता, गाडीत एक जुनी चादर आणि दोन काठ्या, आडोसा होतो. पाणी कमी पिऊन दिवस काढायचा नाही, मूत्रमार्गाचा संसर्ग ठरलेला. जंगलखात्याची परवानगी, पोलीस पाटलाला फोन आणि रोख सुटे पैसे हे तिन्ही निघण्याआधी.

गावातल्या बायका मात्र फार जीव लावतात. दगड गोळा करणारी बाई कोण आली बघायला सगळी गल्ली जमते, आणि मग चहा घेतल्याशिवाय सुटका नाही.

मृगधारा
रानवाटा ताई, हे सगळं आईला वाचून दाखवलं. दोन काठ्या आणि चादर ऐकून ती हसली आणि म्हणाली, "मग जमेल तुला." खूप आभार.

गोंडवनी दादा, बोगदेबाज दादा, तुमचं भांडण वाचून माझा गोंधळ वाढला :)

सह्यवेडा
आलो. वरचं भांडण मिटवायला नाही, त्यात तेल ओतायला.

मी भूशास्त्र शिकवतो, कुठे ते सोडा. मुलांना नेहमी सांगतो, विद्यापीठाचं नाव बघून प्रवेश घेऊ नका, विभागात जाऊन या. अर्धा दिवस पुरतो. एक, तिथल्या थिन सेक्शनच्या, म्हणजे मायक्रोस्कोपसाठी दगडाचे पातळ काप करायच्या, खोलीत जा. यंत्रावर धूळ बसली असेल तर ओळखा. कटर फिरत असेल, काचेवर कार्बोरंडमचा ओला चिखल असेल, कुणीतरी मान खाली घालून स्लाइड घासत असेल तर तो विभाग जिवंत आहे. 0.03 मिलिमीटरपर्यंत दगड घासणं हे हाताचं काम आहे. क्वार्ट्झ क्रॉस निकोलमध्ये (मायक्रोस्कोपच्या ध्रुवित प्रकाशात) पिवळसर दिसतोय म्हणजे अजून जाड, करडा-पांढरा झाला की थांबायचं. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ नसतो, तिथे प्लेजिओक्लेज या खनिजावर नजर. आणखी चार फेऱ्या जास्त मारल्या की अख्खी स्लाइड धुऊन जाते आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्याने स्वतः चार-पाच स्लाइड बनवल्या त्याला मायक्रोस्कोपखाली काय दिसतंय हे वेगळ्याच तऱ्हेने कळतं. आता पुष्कळ ठिकाणी स्लाइड बाहेरून करून आणतात.

दोन, मागच्या वर्षीच्या डेझर्टेशनांच्या (एमएस्सीच्या प्रबंधांच्या) प्रती मागा. कपाटातून काढून दाखवतात. नकाशा विद्यार्थ्याने स्वतः केलेला आहे की गुगल अर्थचा स्क्रीनशॉट आहे हे पहिल्या दहा पानांत कळतं. सगळी डेझर्टेशनं "अमुक तालुक्यातील पाण्याची गुणवत्ता" अशीच असतील तर समजायचं की विभागाकडे फील्डला पैसे नाहीत आणि सरांकडे वेळ नाही.

तीन, फील्ड कुठे नेतात? एक तरी लांबची सहल हवी. कच्छचं ज्युरासिक, अरियालूरचं क्रिटेशस, झावर-खेत्रीच्या बाजूचे धातूंचे साठे, यातलं काहीतरी. जुन्या खाणींच्या भागात जाऊन आलेल्या मुलांची नोटबुकंच वेगळी दिसतात.

आता पुणे की बाहेर. गोंडवनींशी मी सहमत आहे, पण कारण थोडं वेगळं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत आणि मुलाखतीत रूपांतरित खडक आणि संरचनात्मक भूशास्त्र यांत आपली मुलं मार खातात. पुस्तकातून घडी समजत नाही. दगडावर हात ठेवून, कंपासचा पाणपारा मध्ये आणून, एकाच घडीच्या दोन्ही बाजूंना स्ट्राइक-डिप (थराची दिशा आणि उतार) घेतला की समजते. बेसॉल्टवाल्या मुलाने निदान एक डेझर्टेशन बेसॉल्टबाहेर करावं. विद्यापीठ पुण्यातलं असलं तरी चालेल, फील्ड एरिया सिंधुदुर्ग घ्या. तिथे धारवाडचे शिस्ट आहेत, रेडीचं लोहखनिज आहे, वर जांभा आहे. एसटीने जाता येतं आणि लॉज स्वस्त.

आणि ज्यांना बेसॉल्टच करायचा आहे त्यांनी तो कसून करा. जव्हारपासून महाबळेश्वर-पन्हाळ्यापर्यंत फॉर्मेशन्स (प्रवाहांचे गट) पाठ असणं वेगळं आणि घाटात उभं राहून जायंट प्लेजिओक्लेज बेसॉल्टचा, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या बेसॉल्टचा, थर बोटाने दाखवणं वेगळं.

दोना_पावला
गोव्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. गोवा विद्यापीठात ॲप्लाइड जिऑलॉजीचं एमएस्सी आहे. शेजारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. समुद्रतळाचा गाळ, अंटार्क्टिकाचा बर्फ यांत रस असेल तर डेझर्टेशन तिथे करायची संधी मिळते. फील्ड म्हणाल तर काणकोणचा ग्रॅनाइट, नाइस, लोहखनिजाचे पट्टे, जांभा आणि किनारा, सगळं बसच्या टप्प्यात.

खाणीत नोकरी धरायचा विचार मात्र गोव्यापुरता करू नका. 2012 मध्ये आणि परत 2018 मध्ये इथल्या खाणी बंद झाल्या तेव्हा चांगले-चांगले खाण-भूशास्त्रज्ञ घरी बसले होते. काहीजण ओडिशाला गेले, काही कायमचे बाहेर पडले.

आडाचं_पाणी
मी भूजल खात्यातून निवृत्त. वर सगळ्यांनी खाणी आणि बोगदे सांगितले, पाण्याचं कोणी सांगितलं नाही. महाराष्ट्रात भूशास्त्राची सगळ्यांत जास्त गरज तिथेच आहे.

आपला बेसॉल्ट पाणी साठवायला कंजूष. वाळूच्या प्रदेशात कुठेही खोदा, पाणी लागतं. इथे पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या थरात, मुरमात, सांध्यांत, दोन प्रवाहांच्या मधल्या पोकळ भागात. म्हणून एका शेतात पंधरा फुटांवर दोन बोअर, एकाला तीन इंच पाणी आणि दुसऱ्यातून नुसती पांढरी भुकटी उडते. शेतकरी म्हणतो नशीब. मग नारळ घेऊन पाणाड्या येतो. मी पाणाड्यांशी कधी वाद घातला नाही, उपयोग नसतो. शेजारच्या विहिरीत उतरून कुठल्या थराला पाझर आहे ते बघायचं, ओढ्याची रेघ नकाशावर सरळ जातेय का ते बघायचं, मग रेझिस्टिव्हिटी (जमिनीचा विद्युतरोध मोजायचं यंत्र) लावायची. यंत्र आधी लावणारे फसतात.

भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजल्या जातात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. हे काम कंटाळवाणं आहे. पण टँकर कुठे लागणार हे त्या आकड्यांवरून आधी कळतं. नोकरीचं म्हणाल तर सरकारी जाहिरात येईल तेव्हा येईल, तिच्या भरवशावर बसू नका. अटल भूजलसारख्या योजना, पाणलोटाची कामं, संस्था यांत कंत्राटी कामं असतात. पगार बेताचा, फिरणं भरपूर. पुण्यात ॲक्वाडॅमसारख्या संस्थेने भूजलाचं प्रशिक्षण कितीतरी लोकांना दिलंय, तिथे जाऊन या.

बाई, तुमच्या तालुक्यातच कोयना आहे. 1967 चा 11 डिसेंबर, कोयनेचा भूकंप, मला आठवतो. आता कराडला भूकंप अभ्यासासाठी खोल बोअरची संशोधन प्रयोगशाळा आहे. गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर घेतला, वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइट-नाइस. म्हणजे गोंडवनींना हवा तो खडक तुमच्या गावाखालीच आहे, फक्त जरा खाली.

गोंडवनी
काका, हे लय भारी :D

मृगधारा
काका, गोठणं आमच्यापासून लांब नाही. ड्रिलिंग चालू होतं तेव्हा मी शाळेत होते, गावात अफवा होती की तेल शोधतायत. बाबांना आज सांगितलं तर म्हणाले, "मग त्या प्रयोगशाळेत नोकरी मिळते का विचार."

शिशिरसावली
परदेशाबद्दल थोडं, कारण व्यनितून (खासगी निरोपातून) दोघांनी विचारलं.

मी जर्मनीत मास्टर्स केलं. फ्रायबर्गची बेर्गअकाडमी 1765 ची, खाणकामाच्या जगातल्या सगळ्यांत जुन्या विद्यापीठांपैकी एक. सरकारी विद्यापीठांत शक्यतो शिकवणीची फी नसते, सेमिस्टरची वर्गणी तेवढी. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य याला अपवाद आहे, तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, हायडेलबर्ग आणि ट्युबिंगेन त्याच राज्यात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, ही रक्कम अधूनमधून वाढते. आणि आता अर्जाआधी एपीएसचं (पदवीची कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो. आपल्या तीन वर्षांच्या बीएस्सीला काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी नाही, प्रत्येक विद्यापीठाला ईमेल करून विचारा.

खरी गोष्ट मात्र नोकरीची. इंग्रजीतून मास्टर्स होतं, पण भूजल किंवा जमिनीच्या तपासणीच्या कार्यालयात नोकरीला जर्मन लागतं, चांगलं जर्मन. ड्रिलर इंग्रजी बोलत नाही. माझ्या बॅचचे भारतीय बरेचसे पीएचडीकडे किंवा जीआयएसकडे (संगणकावरच्या नकाशांकडे) वळले. ऑस्ट्रेलियात पर्थहून विमानाने खाणीवर जायचं, दोन आठवडे काम आणि एक आठवडा घर, असा प्रकार असतो. पैसे चांगले, पण खनिजांचे भाव पडले की आधी एक्सप्लोरेशनवालेच कमी करतात.

एक फुकटचा सल्ला. अमेरिकेला जायचं असेल तर प्रवेशाच्या अर्जाआधी प्राध्यापकाला लिहा. तिथे मास्टर्सला टीचिंग असिस्टंटशिप मिळू शकते, पण प्रकल्प असलेल्या प्राध्यापकाने तुम्हाला मागितलं पाहिजे.

खर्डेघाश्या
वाचून आता मलाच एमएस्सी करावंसं वाटतंय. तेलाच्या रिगवरच्या नोकऱ्यांचं काय? चुलतभाऊ त्याचंही काहीतरी सांगायचा.

सह्यवेडा
मडलॉगिंग. बऱ्याच मुलांची पहिली नोकरी तीच. समुद्रात किंवा वाळवंटात रिगवर बारा तासांची पाळी, ठरावीक मीटरला शेल शेकरवरून (हलत्या चाळणीवरून) खडकाचा भुगा उचलायचा, धुवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, गॅसचे आकडे नोंदवायचे. खालचा भुगा वर यायला लागणारा वेळ मोजावा लागतो, नाहीतर नमुना एका खोलीचा आणि नोंद दुसऱ्या खोलीची. काही आठवडे काम, तेवढीच सुट्टी. दोन-तीन वर्षं पैसे साठवायला ठीक, त्यातून वेलसाइट जिऑलॉजिस्ट (विहिरीवरचा मुख्य भूशास्त्रज्ञ) झाला तर उत्तम. तेलाचा भाव उतरला की फोन येणं बंद होतं, हे लक्षात ठेवून जावं. ओएनजीसीमध्ये भरती कधी गेटच्या गुणांवर झाली, कधी वेगळी परीक्षा घेऊन, म्हणून गेटचा पेपर देऊन ठेवायला हरकत नाही.

मृगधारा
जॅमचा फॉर्म भरला. कोणी दिली आहे का? आमच्याकडे शिकवणी लावायला पैसे नाहीत, स्वतःच करणार आहे. नागपूर आणि गोवा दोन्हीकडे अर्ज करायचं ठरलंय, पुण्याचा असेलच. बाबा नागपूरला हो म्हणाले, तिकडे मावशी राहते. त्यांना गोवा म्हणजे फक्त किनारा वाटतो.

रानवाटा
जॅम सोपी नाही, पण बाहेरच्या शिकवणीशिवाय होते. 3 तास, 60 प्रश्न, 100 गुण. पहिल्या भागात एकच बरोबर पर्याय, तिथे चुकीला गुण कापतात. दुसऱ्या भागात एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिसऱ्यात आकडा टाइप करायचा. या दोन भागांत गुण कापत नाहीत, तेव्हा तिथे काहीच मोकळं सोडू नकोस. कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच वापरायचा असतो, माऊसने. घरी त्याचीच सवय कर, साइन-कॉसला भलताच वेळ जातो. जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्रिस्टलोग्राफी, स्टिरिओनेट आणि थरांची जाडी-खोली काढायची गणितं आधी घे, आपली मुलं तिथेच गळतात आणि सरावाने तिथेच गुण मिळतात. पवई, खरगपूर, रुरकी, धनबाद, प्रत्येक आयआयटीची पात्रतेची अट वेगळी असते, बीएस्सीला गणित-भौतिक-रसायन किती सत्रं होतं ते बघतात. माहितीपुस्तिकेतला तो तक्ता नीट वाच.

आणि आयआयटी मिळाली तर खडक कुठला वगैरे विसर आणि जा. फील्डला पैसा तिथे आहे, उपकरणं तिथे आहेत.

बोगदेबाज
रानवाटांशी पूर्ण सहमत. मृगधारा, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आताच शिकायला घे, फुकट आहे. बायोडेटात ते नसेल तर आमच्याकडे कागद बाजूला पडतो.

गोंडवनी
परीक्षा झाली की मे महिन्यात इकडे खाणीत ट्रेनिंगला यायचं असेल तर जानेवारीतच विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाठव, उशिरा येणाऱ्यांना जागा नसते. खाणीत उतरण्याआधी व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरला सुरुवातीचं प्रशिक्षण होतं, ते चुकवता येत नाही. स्टीलच्या टोपणाचे बूट स्वतःचे आण. इथे मिळतात ते सगळे नऊ-दहा नंबरचे, मुलींच्या पायाला होत नाहीत. नागपुरात मेमध्ये काय ऊन असतं ते मावशी सांगेलच.